शाळेची खूण म्हणजे उभ्या हातावर तळहात. का? (आपल्या मूकबधिर शाळेची जुनी इमारत)

माणिकचौक
नमस्कार मंडळी, लई दिवसांनी धागा काढतेय.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून ऐकू शकत नाही. १९८९ ते १९९९ तो आपल्या सोलापुरातल्या मूकबधिर शाळेत होता. रेल्वेलाइनीच्या अंगाला ती दगडी दुमजली इमारत, वर मंगलोरी कौलं, मागं चिंच. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील. दिवाळीनंतर ती पाडायचं ठरलंय. मुलं दोन वर्षांपूर्वीच मागच्या नवीन इमारतीत गेली.

आता मूळ प्रश्न. भाऊ आणि त्याचे वर्गमित्र शाळेचं नाव घेताना एक खूण करतात. डावा हात कोपरातून सरळ उभा धरायचा आणि उजवा तळहात त्याला सपाट टेकवायचा. टेकवून क्षणभर थांबायचं. ते थांबणं महत्त्वाचं, पटकन उरकलं की भाऊ मान हलवतो, चुकलं म्हणतो. पुण्या-मुंबईच्या कर्णबधिर लोकांना ही खूण कळत नाही. घरात आम्ही इतकी वर्षं ती करतोय, माझी मुलं सुद्धा मामाची शाळा म्हणून हीच करतात, पण ती अशीच का हे कधी विचारलं नव्हतं. परवा विचारलं तर भाऊ म्हणाला मोठी मुलं करायची म्हणून आम्ही केली.

संस्थेनं शाळेच्या इतिहासाची पुस्तिका काढलीये. देणगीदार, अध्यक्ष, उद्घाटनं सगळं फोटोसकट. मुलं एकाच फोटोत आहेत, कवायत करताना, पाठमोरी. ती वाचून मला रात्री झोप लागली नाही. जिथं माझा भाऊ माणसात आला त्या जागेची गोष्ट अशी कशी असेल? कुणाला काही माहीत असेल, आईवडिलांनी सांगितलेलं असेल, तर लिहा. काहीही चालेल.

शेंगाचटणी
उभा हात म्हणजे मिलची चिमणी असणार. सोलापुरात उभं काही दाखवायचं तर दुसरं काय दाखवणार :)

माणिकचौक
चिमणीला तळहात कोण लावेल ओ, पोळेल की!

साचाखातं
चिमणीचं हसण्यावारी नेऊ नका. माझे वडील जुनी मिलमध्ये साचाखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. तिथं शेकडो साचे एकदम चालायचे, शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी कळायचं नाही. म्हणून सगळे हातानं बोलायचे. धागा तुटला, जॉबर (मुकादम) आला, चहा सांगू का, सुट्टी कधी, प्रत्येकाला खूण. रिटायर झाल्यावर घरी जेवताना सुद्धा वडील मीठ हातानंच मागायचे, आई चिडायची, तोंड आहे ना म्हणायची.

आमच्या गल्लीत तुमच्या शाळेतला एक मुलगा होता. गल्लीत त्याच्याशी नीट बोलणारा एकटा माणूस म्हणजे माझे वडील. दोघं कट्ट्यावर तासतास बसायचे. पुढं त्याला पॉवरलूमवर कामाला लावलं ते वडिलांनीच. मालक आधी नको म्हणत होता, वडील म्हणाले तुझ्या कारखान्यात ऐकू कुणाला येतंय?

पूर्वभागकर
साचाखातं दादा, वडिलांचं वाचून भरून आलं.

आमचं घर अशोक चौकाकडं, पद्मशाली, घरात तेलुगू. माझी आतेबहीण त्या शाळेत होती. आता सोलापूरची गंमत बघा, घरी आई तिला "रा" म्हणायची, शेजारचे कन्नडवाले "बा", समोरच्या उर्दू शाळेतल्या पोरी "आओ" आणि शाळेत बाई "ये". चारही शब्दांचा अर्थ एकच. ऐकणाऱ्या पोराला काहीच वाटत नाही, आपण सगळे चार भाषांत वाढलो. पण जी मुलगी ओठ बघून शिकतेय तिनं काय करायचं? शाळेनं आत्याला सांगितलं घरात मराठीच बोला. आत्याला मराठी धड येत नव्हती. ती मग पोरीशी बोलायचीच कमी झाली, चुकीचं शिकवलं जाईल या भीतीनं. शेवटी घरात खुणाच चालल्या, त्याही चोरून.

निवृत्तबाई
मी या शाळेत नव्हते, पण अशाच एका शाळेत २६ वर्षं शिकवलं, म्हणून लिहिते.

खुणेबद्दल माझा अंदाज. आम्ही उच्चार शिकवताना मुलाचा तळहात आमच्या गळ्याला लावायचो. "ग" म्हटलं की गळा थरथरतो, "क" म्हटलं की थरथरत नाही. मग तोच हात त्याच्या स्वतःच्या गळ्याला. "प"साठी ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची, हलली पाहिजे. समोर आरसा. "पापा, बाबा, मामा" हे तिन्ही शब्द आरशात करून बघा, ओठ अगदी सारखे हलतात. मूल ओठ बघून ओळखणार तरी कसं? म्हणून हात गळ्यावर, नाकावर, गालावर. उभा हात म्हणजे गळा असेल.

पूर्वभागकर, तुमच्या आत्यांना जे सांगितलं गेलं ते आम्हीही पालकांना सांगत होतो. आम्हाला ट्रेनिंगमध्ये तेच शिकवलं होतं, एक भाषा, तीही बोलायची, खुणा केल्या तर मूल बोलायला आळशी होतं. १८८० साली इटलीत मिलानला बधिरांच्या शिक्षकांची परिषद झाली, तिथं ठरलं की खुणा बंद, फक्त बोलणं. ठरवणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे. आपल्याकडची पहिली बधिर शाळा मुंबईत १८८५ला निघाली, म्हणजे नंतर पाचच वर्षांनी. तो वारा थेट आमच्या वर्गापर्यंत आला. मी मुलांना हाताची घडी घालून बसायला लावलंय. आज त्याचं वाईट वाटतं. त्यांच्या तोंडात मी बोळा घालत होते, आणि ते मला कळत नव्हतं.

भैय्याचौक
बाई, तुम्ही निदान मोकळेपणी लिहिलंत. माझ्या मामेभावाच्या हातावर पट्ट्या बसल्यात खुणा केल्या म्हणून. शाळा कुठली ते सोडा. आता तो ४८ वर्षांचा आहे, अजून अनोळखी माणसासमोर हात खिशात घालतो.

बाळीवेस
धाग्याच्या नावात मूकबधिर कशाला? कर्णबधिर म्हणा. ही मुलं मुकी नसतात, त्यांचा गळा ठणठणीत असतो. आणि आता दिव्यांग शब्द आहे.

माणिकचौक
बरोबर आहे तुमचं. पण शाळेच्या कमानीवर तोच शब्द कोरलाय आणि भाऊ तोच दाखवतो. त्याला स्वतःला विचाराल तर दिव्यांग नको, बधिर म्हणा म्हणतो. त्याच्या इच्छेपुढं मी जात नाही.

मोगरा
हा धागा तीनदा उघडून बंद केला. आता लिहितेच.

मी त्याच इमारतीत शिकले. तुम्ही सगळे वरच्या मजल्याचं बोलताय. खाली दोन खोल्यांत आमचे अस्थिव्यंग मुलांचे वर्ग होते हे कुणाला आठवतंय? मला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, तेव्हा पल्स पोलिओ वगैरे नव्हतं, ते १९९५ला आलं. दोन्ही पायांत कॅलिपर, काखेत कुबड्या. सात वर्षं मी त्या शाळेत होते आणि वरचा मजला मी एकदाही बघितलेला नाही. जिना लाकडी, अरुंद, पायऱ्या उंच. गॅदरिंगची तालीम वर, चित्रांचा वर्ग वर, पेटी-तबला वर. (बधिर मुलांच्या शाळेत पेटी-तबला कशाला असं विचारू नका, तबल्यावर हात ठेवून ती ठेका धरायची, आमच्या डोक्यावर सगळं थडथडायचं.)

बांधकामवाले एक हिशेब सांगतात, १ फूट चढायला १२ फूट लांबीचा उतार. आमच्या दारात तीन पायऱ्या होत्या, दीड फूट म्हणजे १८ फुटांचा रॅम्प. अंगणात जागा होती. केला नाही कुणी. शिपाई मामा रोज एकेकाला उचलून आत घ्यायचे. मुलगी असून मला तेरा वर्षांची होईपर्यंत उचलून घ्यावं लागत होतं, ते काय वाटायचं ते लिहीत नाही.

नवीन इमारतीला रॅम्प आहे, मी जाऊन बघून आले. त्यामुळं जुनी पाडतात म्हणून सगळे हळहळायला लागले की माझ्या पोटात कालवतं. माणिकचौक ताई, तुमच्यावर राग नाही.

माणिकचौक
मोगरा, हे मला खरंच माहीत नव्हतं. भावाला दाखवलं. तो म्हणाला खालची मुलं आम्हाला आठवतात, ती बोलायची आणि आम्ही पळायचो. बेकरीतनं बिस्किटं आणायची तर जोडी लागायची, खालचा एक बोलायला, वरचा एक पळायला.

मोगरा
हो!! खारी आणि टोस्ट. पैसे माझ्याकडं असायचे. भावाला सांगा ताईनं विचारलंय, माझे चाराणे राहिलेत.

चुनखडी
मी सिव्हिलवाला, जुन्या बांधकामांचं काम करतो. मागच्या वर्षी कामानिमित्त ही इमारत आतून बघितलीये म्हणून चार गोष्टी.

भिंती काळ्या दगडाच्या, चुन्यात. खालून वर एकाच सरळ रेषेत सहा सागवानी खांब. खाली दगडी तळखडे, वर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या. म्हणजे वरच्या मजल्याची जमीन फरशीची नाही, निव्वळ फळ्यांची. त्यातला जिन्याजवळचा खांब अखंड आहे, एकच लाकूड तळापासून छपरापर्यंत. बाकीचे मधे जोडलेले.

शाळा म्हणून ती बांधलेली नाही हे नक्की. मागच्या खोलीला रुंद दार आहे, माल उतरवायला असतं तसं. रेल्वे सोलापुरात १८६०ला आली, त्यानंतर लाइनीच्या कडेनं कापसाच्या वखारी उठल्या. माझा अंदाज वखार-कम-पेढी. एक कौल उलटं करून बघितलं तर कारखान्याचा ठसा होता, अर्धा झिजलेला. मंगळूरला अशी कौलं बासेल मिशनवाल्यांनी १८६५ला सुरू केली, त्याआधीची ही असणं शक्य नाही. अर्थात कौलं नंतरही बदलतात, त्यामुळं एवढ्यावर साल ठरवू नका.

साल हवं असेल तर कागद आहेत. नगर भूमापनला मालमत्ता पत्रक निघतं, त्यात मालकी कधी बदलली ते सापडेल. संस्था ट्रस्ट असेल तर धर्मादाय कार्यालयात तिचं परिशिष्ट १ असतं, त्यात मिळकती लिहिलेल्या असतात. जागा विकायची झाली तर ट्रस्टच्या कायद्यातल्या कलम ३६ प्रमाणे तिथली परवानगी लागते, तो अर्ज असेल तर तोही बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. पहिल्या मुलापासून नाव, गाव, बापाचा धंदा सगळं त्यात असतं. ते रद्दीत जाऊ देऊ नका. पाडापाडीत आधी कागद जातात, मग लाकूड.

मोगरा ताई, जिना मी मोजलाय. पायरी साडेनऊ इंच. मला सुद्धा दम लागला.

शेंगाचटणी
उभा हात गळा नाही, चिमणी नाही, मग मल्लखांब? मल्लखांबाला हात लावून नमस्कार करतात सुरू करायच्या आधी.

निवृत्तबाई
हे माझ्या गळ्यापेक्षा बरं वाटतंय.

भैय्याचौक
इमारतीवरून आठवलं. माझे वडील तिथल्या वसतिगृहाचे रात्रीचे वॉचमन होते, आम्ही आवारातच राहायचो. १९९३चा किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, मुलं मिरवणुकीतली लेझीम बघून दमून आलेली, वर फळ्यांवर सतरंज्या टाकून झोपलेली. ३० सप्टेंबर, पहाटे चारला थोडा वेळ होता. आम्हाला भांड्यांच्या आवाजानं जाग आली, वडील धावत बाहेर आले तर पोरं आधीच अंगणात! सगळी, बारकी सुद्धा, मोठ्यांच्या कडेवर. आवाज नाही, गोंधळ नाही, अंधारात नुसती उभी. ज्यांना हाका मारून उठवता येणार नाही म्हणून वडिलांना रोज धास्ती असायची ती पोरं वडिलांच्या आधी बाहेर होती.

तिकडं लातूर-उस्मानाबादकडं हजारो माणसं गेली. जखमींना इकडं सोलापूरला आणत होते, चार दिवस नुसत्या गाड्या. मोठी मुलं वसतिगृहातल्या चादरी घेऊन दवाखान्यात गेली होती द्यायला.

चुनखडी
तिकडची घरं दगड-मातीची आणि डोक्यावर मातीचं जाड माळवद, ते वजनच माणसांवर आलं. या इमारतीत चुना आहे, वर हलकी कौलं आहेत आणि लाकडी सांगाडा आहे. लाकूड हलतं, कुरकुरतं, पण लगेच सोडत नाही. आणि फळ्यांवर पाठ टेकून झोपलेल्या मुलाला हादरा आपल्या आधी कळणारच.

पूर्वभागकर
फळ्यांवरून मला एक आठवलं, आतेबहीण घरी रुसायची, आमच्याकडं फरशी होती, पाय आपटला तरी तिला पत्ता नाही लागायचा. शाळेत म्हणे बाई पाय आपटतात आणि सगळी वळून बघतात. घरी पण तसं करा म्हणायची. आम्ही आपटून आपटून दमायचो, तिला काही कळायचं नाही.

माणिकचौक
आज भाऊ आणि मी व्हिडिओ कॉलवर त्याच्या जुन्या ग्रुपला हा प्रश्न विचारला. त्यातल्या एकांनी सांगितलं मी स्वतः लिहितो. त्यांना आयडी काढून दिलाय. थोडी वाट बघा.

हात_बोलतात
नमस्कार. मी जुना विद्यार्थी. वय ६१. मराठी लिहायला मला वेळ लागतो. माझी पहिली भाषा खूण. चूक असेल तर माफ करा.

शाळेत घंटा होती. आम्हाला उपयोग नाही. घंटा सरांसाठी.

स्वयंपाकाच्या मावशी खाली. वर्ग वर. मावशीचे गुडघे दुखायचे. जिना चढत नव्हत्या. जेवण झालं की मावशी वरवंटा घेऊन जिन्याजवळच्या खांबाला खाली मारायच्या. तीन वेळा. वर एक मुलगा खांबाजवळ बसायचा. हात खांबावर. रोज वेगळा मुलगा. ही ड्युटी सगळ्यांना हवी. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा सात वर्षांचा. हात ठेवला. वाट बघितली. बराच वेळ काही नाही. मग तीन वेळा हातात आलं. मी उठून सगळ्यांना सांगितलं. सगळे माझ्याकडे बघत होते. घरी मला कोणी काही आधी सांगत नव्हतं. सगळ्यांना कळल्यावर मला कळायचं. त्या दिवशी मला आधी कळलं.

म्हणून खूण खांब. थांबायचं, कारण वाट बघायची.

सर खुणा करू देत नव्हते. मारायचे. पण ही खूण बघून सरांना वाटायचं मुलगा नुसता हाताला हात लावतो. म्हणून ही खूण राहिली.

भूकंप रात्री मी तिथे नव्हतो. आम्ही मोठे झालो होतो. पण लहान मुलांनी सांगितलं, एक मुलगा खांबाला टेकून झोपायचा. नेहमी. तो पहिला उठला.

रेल्वे पण खांबात येते. मालगाडी जास्त वेळ.

निवृत्तबाई
दादा, तुमची काही चूक झालेली नाही लिहिताना. एक शब्दसुद्धा इकडचा तिकडं करू नका.

मी सकाळपासून हे चारदा वाचलं. आमच्या शाळेतही मुलं काहीबाही खुणा करायची, त्यातल्या किती मी न समजता बंद केल्या असतील. आता दिल्लीत सरकारी संस्था आहे, २०१५ला निघाली, भारतीय सांकेतिक भाषेचा शब्दकोश केलाय त्यांनी, २०२१पर्यंत १०,००० शब्द झाले. त्याचा मला आनंद आहे. पण असल्या एकेका शाळेच्या खुणा त्यात कुठून येणार? त्या ज्यांच्या हातात आहेत त्यांच्याकडूनच घेतल्या पाहिजेत, आणि व्हिडिओवर, लिहून नाही.

साचाखातं
बाईंशी शंभर टक्के सहमत. माझा पुतण्या लग्नाचं शूटिंग करतो, कॅमेरा-लाइट घेऊन येईल, एक पैसा घेणार नाही. शाळेचा इतिहास खुणेतच सांगितला पाहिजे, खाली मराठी अक्षरं टाकू. ज्यांना खूण येत नाही ते आपण वाचू.

बाळीवेस
मी तेलुगू, कन्नड, उर्दूतली अक्षरं पण टाका म्हणतो. आईबाप वाचतील.

चुनखडी
संस्थेशी बोललो. पाडणं टळणार नाही, मागची भिंत खरंच सुटलीये, त्यांचंही खोटं नाही. पण जिन्याजवळचा खांब न कापता अख्खा काढून द्यायला कंत्राटदार तयार आहे, वरून कौलं-तुळया उतरवत आलं की जमतं. नव्या इमारतीत तो नुसता उभा करून काही होणार नाही, स्लॅबवर ठेवलेल्या खांबात काही येत नाही. खाली लाकडी चौथरा करून त्यावर बसवला तर मुलांना हात ठेवून कळेल. माप काढतो.

मोगरा
चौथऱ्याला पायरी ठेवू नका.

चुनखडी
नाही ठेवणार ताई. एक इंच पण नाही. जमिनीत खोबणी करून फळ्या फरशीच्या लेव्हलला बसवतो.

माणिकचौक
येत्या रविवारी सकाळी ९ वाजता सगळे जमतोय. भावाच्या ग्रुपमधले १७ जण येतायत, दोघं अक्कलकोटहून, एक पंढरपूरहून. वरच्या मजल्यावर एका वेळी आठच जण जायचं असं चुनखडी दादांनी सांगितलंय. कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्याकडं. (शेंगाचटणी, तुमच्या नावाची आहे, आलंच पाहिजे.) वरवंटा घरून आणतेय.

मोगरा
मी येते. वर जायचा हट्ट नाही, कुणी उचलायचं पण नाही. मी खाली खांबाजवळ बसेन. मावशी जिथं मारायच्या तिथं.

हात_बोलतात
ताई, तुम्ही खाली मारा. तीन वेळा. वर मी हात ठेवतो.